हुंडेकरी व हुंडाभाडें

१. जुने मराठी कागद वाचीत असतां ‘हुंडा’ हा शब्द समोर आला कीं वाचकाचें लक्ष दोन ठिकाणीं चटकन् जातें. कागद लग्नाच्या यादीचा असेल तर वरपक्षास द्यावयाची रक्कम, आणि कागद सावकारीचा असेल तर ‘हुंडी’ लिहितांना झालेला कारकुनाचा हस्तदोष, असा अर्थ करून पुढें जाण्याची वहिवाट पडली आहे. परंतु या शब्दाचा तिसरा एक अर्थ आहे, आणि व्यापाराच्या कागदांत पुष्कळदां तोच खरा असतो. माल एका गांवाहून दुसऱ्या गांवीं पोंचविण्याचें भाडें आणि वाटेंतील सर्व जकाती मिळून जी एकमुठी रक्कम ठरे, तिला ‘हुंडाभाडें’ म्हणत. व अशा ठरावानें माल पोंचविण्याचें पत्करणारा तो ‘हुंडेकरी’. मोल्सवर्थच्या कोशांत हे दोन्ही शब्द आहेत. माळव्याकडे व राजस्थानाकडेही वाहतूक, जकात व जोखीम यांच्या अशाच मिळून केलेल्या ठरावास ‘हुंडाभाडा’ म्हणत असत. तेव्हां हा शब्द एका पेठेचा नसून एका मोठ्या टापूंतील व्यवहाराचा आहे, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

२. शब्दाचा अर्थ नक्की करणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. हुंड्याच्या रकमेंत दोन निरनिराळ्या किंमती दडलेल्या असतात: व्यापाऱ्यानें हुंडेकऱ्यास दिलेली किंमत, आणि हुंडेकऱ्यानें बैलवाल्याच्या हातावर ठेविलेली किंमत. आपल्या संग्रहांतून पहिली पुष्कळ सांपडते, दुसरी क्वचित् सांपडते. आणि पहिलीलाच ‘त्या काळचें भाडें’ समजून जो हिशेब मांडला जातो, तो बैलवाल्याच्या पदरीं जें कधीं पडलेंच नाहीं तें त्याच्या नांवावर जमा करतो. ही चूक लहान नाहीं. वाहतूक करणाऱ्या हजारों कुटुंबांच्या स्थितीविषयींचा आपला समज तिच्यामुळें मुळांतच चुकतो.

३. प्रथम वाहतुकीचें साधन पाहूं. सह्याद्रीच्या घाटांतून गाडा चालत नसे. माल बैलाच्या पाठीवरील गोणींतून जाई. या वाहतुकीचे कर्ते दोन प्रकारचे होते. पहिला प्रकार वंजाऱ्यांच्या तांड्यांचा. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशास इ. स. १६३२ त धान्यानें लादलेल्या १४,००० बैलांचा एक तांडा भेटला, व असे तांडे दिवसास सहासात मैलांपेक्षां अधिक चालत नाहींत असें त्यानें लिहून ठेविलें आहे. ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या दहाबारा हजार बैलांच्या तांड्यांचें वर्णन करतो. अरुंद वाटेंत असा तांडा आडवा आला म्हणजे तो निघून जाईपर्यंत दोन दोन तीन तीन दिवस थांबावें लागे, असा त्याचा अनुभव होता. तांड्यांतील लोकांच्या चार जाती असून एक धान्य, दुसरी तांदूळ, तिसरी डाळी व चौथी मीठ वाहते, असें त्यानें म्हटलें आहे. शहाजहानच्या दक्षिणेंतील मोहिमेंत आसफखानाच्या फौजेबरोबर भंगी व जंगी या नाईकांचे १,८०,००० बैल होते, ही वंजाऱ्यांतील परंपरागत कथा प्रसिद्धच आहे. आंकडा परंपरेचा असल्यामुळें तो तितक्याच बेतानें घ्यावा. परंतु फौज तांड्यावांचून हालत नसे, ही गोष्ट त्या कथेच्या आधारावांचूनही सिद्ध आहे.

४. तांड्याचा वंजारी पुष्कळदां स्वतःच व्यापारी असे. स्वतःच्या पैशानें धान्य विकत घ्यावें, स्वतःच्या बैलांवर न्यावें, व जेथें दर चढा असेल तेथें विकावें, असा त्याचा क्रम. अशा व्यवहारांत भाडें निराळें दिसतच नाहीं. खरेदी व विक्री यांच्या अंतरांतच तें मुरलेलें असतें. दुसरा प्रकार भाडोत्री बैलवाल्यांचा. यांत पुष्कळसे शेतकरीच असत. सुगी आटोपली कीं बैल मोकळे होत, आणि मृगापर्यंत त्यांच्या पाठीवर दुसऱ्याचा माल लादून चार पैसे मिळविण्याची सोय होई. याच्याजवळ माल विकत घेण्यास भांडवल नसे. दूरच्या पेठेंतील व्यापाऱ्याशीं याची ओळख नसे. वाटेंतील नाक्यांवर कोणास किती द्यावयाचें हें यास नक्की ठाऊक नसे. भाड्याचा खरा इतिहास याच माणसाचा आहे. आणि हुंडेकऱ्याची गरज पडे ती व्यापारी व हा यांच्या मध्येंच.

५. आतां जकातीकडे वळूं. पेशवाईंत जकात एका ठिकाणीं भरून माल मोकळा होत नसे. थळभरीत, थळमोड व वाटेची जकात असे तिचे निरनिराळे प्रकार होते. जकात मुख्यतः ओझ्यावर घेत, व ती महालोमहाल निराळी द्यावी लागे. कोणास निम्मी माफी, कोणास पुरी माफी, कोणाजवळ दस्तक, कोणाची नवी पेठ वसविल्याबद्दल कांहीं वर्षें सूट, अशा सवलतींनीं हें प्रकरण आणखी गुंतागुंतीचें झालें होतें. वाडांनीं निवडलेल्या सातारकर महाराजांच्या व पेशव्यांच्या रोजनिशांतील जकातीच्या नोंदी ज्यांनीं चाळल्या असतील त्यांस हें सांगणें नको. त्यांत उत्तरकाळीं जकातीचे महाल इजाऱ्यानें दिले गेले, म्हणजे नाक्यावरचा माणूस सरकारचा चाकर न राहतां स्वतःच्या नफ्यासाठीं वसुली करणारा इजारदार झाला.

६. या व्यवस्थेंत हुंडेकऱ्याचें स्थान काय होतें, याची सर्वांत स्पष्ट साक्ष एल्फिन्स्टनच्या इ. स. १८१९ च्या अहवालांत आहे. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाची व्यवस्था सांगतांना तो जकातीचा विषय घेतो, व प्रत्येक महालांत पुन्हां पुन्हां द्याव्या लागणाऱ्या रकमांची अडचण टाळण्यासाठीं मोठमोठ्या व्यापारी गांवीं हुंडेकरी नांवाचे लोक असत असें नमूद करतो. एकदांच रक्कम घेऊन माल सबंध मुलुखांतून पार करण्याचें ते पत्करीत. जकातीच्या इजारदारांशीं त्यांचा परभारें ठराव असे, आणि येणें रकमेस इजारदारांपाशीं तेच जबाबदार राहत. या थोडक्या शब्दांत सगळा धंदा आला आहे. व्यापाऱ्यास एकच आंकडा कळतो. इजारदारास आपल्या महालापुरता आंकडा कळतो. बैलवाल्यास आपल्या मजुरीचा आंकडा कळतो. तिन्ही आंकडे ज्यास कळतात असा एकच माणूस, तो म्हणजे हुंडेकरी.

७. केवळ समजुतीसाठीं एक कल्पित हिशेब मांडतों. तो कोणत्याही कागदांतून घेतलेला नाहीं. दर बैलीं ८ रुपये हुंडा ठरला. वाटेंत नऊ नाकीं. दर नाक्यास ४ आणे, म्हणजे जकात २ रुपये ४ आणे. बैलवाल्यास ४ रुपये. बाकी १ रुपया १२ आणे हुंडेकऱ्याची. आतां हुंडेकऱ्यानें इजारदारांशीं वर्षाचा घाऊक ठराव करून नऊ नाक्यांचे मिळून दीड रुपयांत भागविलें, तर त्याची बाकी २ रुपये ८ आणे झाली. व्यापाऱ्याचा हुंडा तोच, बैलवाल्याचें भाडें तेंच. वाढ झाली ती मधल्या घरांत. उलट एखाद्या महालांत नवा इजारदार आला व त्यानें नाकें कडक केलें, तर तोटाही पहिल्यानें मधल्या घरांतच पडे. मग हुंडेकरी तो तेथें राहूं देई किंवा बैलवाल्यावर ढकली, हें दोघांच्या गरजेवर अवलंबून. तात्पर्य, हुंड्याचा आंकडा स्थिर दिसला म्हणून भाडें स्थिर होतें असें अनुमान करतां येत नाहीं, व हुंडा चढला म्हणून बैलवाल्यास अधिक मिळालें असेंही ठरत नाहीं.

८. हुंडेकरी हा केवळ परक्या श्रमावर जगणारा दलाल होता, असा निकाल देण्याचा मोह होतो. तोही बरोबर नाहीं. वाटेंत माल भिजला, लुटला गेला, घाटांत बैल कोसळला, तर व्यापाऱ्यास जाब देणारा तोच. माळव्यांत मालाचा विमा उतरविण्याची चाल होती, हें माल्कमच्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथावरून समजतें. हुंड्यांत हाच विमा पुष्कळ अंशीं मिसळलेला असे. शिवाय बैलवाल्यास निघतांना वैरणीसाठीं व घरखर्चासाठीं उचल लागे, ती हुंडेकरी देई. परतीचें ओझें मिळवून देणें हेंही त्याचेंच काम. देशावरून धान्य घेऊन घाट उतरलेला बैल कोंकणांतून मीठ घेऊन चढला तरच खेप परवडे; रिकामा परतला तर जातांना मिळालेलें भाडें येण्याच्या खर्चांत जाई. मिठाचें ओझें कोणाकडे तयार आहे हें ज्यास ठाऊक, त्याच्या शब्दावर बैलवाल्यास राहणें भाग होतें. हुंडेकऱ्याचें बळ जकातीच्या माहितींत होतें तितकेंच, किंबहुना अधिक, या उचलींत व परतीच्या ओझ्यांत होतें. पुढील इतिहास समजण्यास हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

९. जकात ओझ्यावर असल्याचा आणखी एक परिणाम संभवतो. ओझें जितकें जड, तितकी दर मणास जकात हलकी. मग गोण भरतांना चार शेर अधिक दडपण्यांत व्यापाऱ्याचा व हुंडेकऱ्याचा दोघांचाही लाभ; भार मात्र बैलाच्या पाठीवर आणि बैल मेला तर तोटा बैलवाल्याचा. हें अनुमान आहे, परंतु तें कागदांवरून पारखतां येण्याजोगें आहे: एकाच वाटेवरील ओझ्यांचीं वजनें जेथें नोंदलेलीं असतील तेथें जकातीच्या पद्धतीप्रमाणें त्यांत फरक पडतो कीं काय, हें संग्राहकांनीं पाहावें.

१०. इंग्रजी अमलांत हुंडेकऱ्याच्या पायाखालची जमीन तीन वेळां सरकली. इ. स. १८२५-२६ त विकाजी व पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनीं वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर प्रथम मुंबईस आणला, तेव्हां १,२०,००० पौंड कापसास ५०० बैल लागले. म्हणजे दर बैलीं २४० पौंड. त्या काळीं वऱ्हाडचा कापूस मिर्झापुराकडेही जात असे, इ. स. १८४२ त अमरावतीच्या एका व्यापाऱ्यानें त्या वाटेनें एक लाख बैल कापूस कलकत्त्यास रवाना केला असें सांगतात. पुढें इ. स. १८३० च्या नोव्हेंबरांत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, आणि पाठीवरचें ओझें त्या वाटेवर गाडींत उतरूं लागलें. मुंबई इलाख्यांतील वाटेच्या जकाती इ. स. १८३७-३८ च्या सुमारास उठल्या, व शहरजकात आणि मोहतर्फा इ. स. १८४४ च्या कायद्यानें गेला. शेवटीं आगगाडी आली: इ. स. १८५३ त मुंबई ते ठाणें, इ. स. १८६३ त बोरघाट, इ. स. १८६७ त नागपूर. आगगाडीनें मालाच्या भाड्याचें कोष्टक छापून प्रसिद्ध केलें. व्यापारी व वाहक या दोघांसही एकच आंकडा एकाच वेळीं वाचतां यावा, ही गोष्ट या देशांतील वाहतुकींत नवीन होती.

११. नाकीं गेलीं, छापील दर आले. तेव्हां हुंडेकरी नाहींसा व्हावयास पाहिजे होता. तो नाहींसा झाला नाहीं. तो स्टेशनाच्या मालधक्क्यावर जाऊन बसला. व्यापाऱ्याचा माल चढविणें, उतरवून घेणें, पावत्या सोडविणें, व स्टेशनापासून पेठेपर्यंत गाड्या जमविणें, हें काम त्यानें पत्करलें. आगगाडीचें कोष्टक स्टेशनाच्या दारापर्यंतच लागू असे; दाराबाहेरच्या बैलगाडीचें भाडें पूर्ववत् तोंडी ठरे. महाराष्ट्रांतील बाजार समित्यांच्या व्यवहारांत अडत्या, हमाल व मापाडी यांच्याबरोबर हुंडेकरी हा शब्द पुढेंही चालत आला, आणि आडनांव म्हणून तर तो आजही ऐकूं येतो. शब्दाच्या या चिवटपणांत एक ऐतिहासिक प्रमाण आहे. जकातीच्या घोटाळ्यावरच हा धंदा उभा असता, तर जकातीबरोबर तो गेला असता. तो राहिला, यावरून त्याचा दुसरा पाया, म्हणजे मालाची खबर, उचल व परतीचें ओझें, हाच अधिक खोल होता असें ठरतें.

१२. मोटार-मालवाहतुकीनें हेंच पुन्हां दाखविलें आहे. इ. स. १९३९ च्या मोटार कायद्यानें, व पुढें इ. स. १९८८ च्या कायद्यानें, मालमोटारींच्या भाड्याचे कमाल व किमान दर ठरविण्याचा अधिकार सरकारास दिला. तरी प्रत्यक्षांत ट्रकचें भाडें बहुतकरून मागणीपुरवठ्यावर व दलालाच्या शब्दावर ठरतें. एकदोन गाड्यांचा मालक, जो पुष्कळदां स्वतःच चालवितो, तो जुन्या भाडोत्री बैलवाल्याचा वारस होय. माल पाठविणाऱ्यानें वाहतूक-कचेरीस काय दिलें हें त्यास ठाऊक नसतें. दलाल सांगतो तो आंकडा त्याचा. निघतांना डिझेलसाठीं कांहीं रक्कम आगाऊ मिळते, बाकी माल पोंचल्याची सही आणून दिल्यावर. परक्या गांवीं गाडी रिकामी झाली म्हणजे परतीचा माल मिळेपर्यंत दिवस मोजीत बसावें लागतें, आणि दर दिवसागणिक त्याची भाड्याची अट ढिली होत जाते. बिल्टी, आगाऊ, बाकी, परतीचा माल: शब्द बदलले, घरें तींच आहेत.

१३. कायद्यानेंही हें नातें एका परीनें ओळखलें आहे. इ. स. १८६५ च्या वाहकांच्या कायद्याच्या जागीं इ. स. २००७ चा रस्त्यावरील मालवाहतुकीचा कायदा आला व तो इ. स. २०११ त अमलांत आला. त्यांत ‘सार्वजनिक वाहक’ या संज्ञेंत माल नोंदविणाऱ्या कंपन्यांबरोबर ठेकेदार, अडत्या व दलाल यांचाही समावेश केला आहे. ज्याच्या मालकीची एकही गाडी नाहीं त्यास वाहक मानून मालाबद्दल जबाबदार धरणें, ही एल्फिन्स्टननें वर्णिलेल्या हुंडेकऱ्याचीच जबाबदारी आहे. इ. स. २०१७ त वस्तु व सेवा कर आला, राज्यांच्या सरहद्दीवरील विक्रीकराचीं नाकीं उठलीं, आणि मुंबईची जकातही गेली. म्हणजे १८३८ च्या आसपास जें एकदां घडलें तें नव्या रूपानें पुन्हां घडलें. नाक्यांवर जाणारा पैसा व वेळ वांचला; तो कोणाच्या पदरीं पडला, हाच प्रश्न दोन्ही वेळां सारखा आहे.

१४. या प्रश्नाचें उत्तर अनुमानानें द्यावयाचें नाहीं. त्यास कागद पाहिजेत, आणि पद्धतही पाहिजे. पद्धत अशी. वाटेच्या जकाती उठण्यापूर्वींच्या व नंतरच्या पांचदहा वर्षांच्या एकाच हुंडेकऱ्याच्या वह्या घ्याव्या. जमेच्या बाजूस व्यापाऱ्यांचा हुंडा असतो. खर्चाच्या बाजूस जकात, बैलवाल्यांचें भाडें, उचल व नुकसानी असते. जकातीचा खर्च नाहींसा झाल्यावर हुंडा तितकाच उतरला असेल, तर लाभ व्यापाऱ्याचा. भाड्याचा खर्च चढला असेल, तर लाभ बैलवाल्याचा. दोन्ही जागच्या जागीं राहिले असतील, तर लाभ कोणाचा हें सांगावयास नको. तीन शक्यता, आणि तिन्हींचा निर्णय एका वहीच्या दोन बाजूंवर.

१५. मात्र आंकडे ताडून पाहतांना तीन गोष्टींची खबरदारी घ्यावी. पहिली मापांची: मण सर्वत्र एक नव्हता, मुंबईचा मण सुमारें २८ पौंडांचा, तर देशावरील मण त्याहून पुष्कळ मोठे, पल्ला व खंडीही पेठेपेठेस निराळी. दुसरी नाण्याची: अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, हाली असे रुपये चालत, त्यांत बट्टा लागे, आणि हुंडा एका नाण्यांत व भाडें दुसऱ्या नाण्यांत चुकतें केलें असेल तर बट्ट्याचा फरकही मधल्या घरांत गेलेला असतो. तिसरी ऋतूची: माघांतील भाडें व आषाढाच्या तोंडावरील भाडें यांची तुलना व्यर्थ आहे. मिती, माप व नाणें हीं तिन्ही न टिपतां उतरून घेतलेला दर इतिहासाच्या उपयोगाचा नाहीं.

१६. संग्राहकांस शेवटीं एकच विनंति आहे. दप्तराचा रुमाल सोडला म्हणजे सनदा, वतनपत्रें, निवाडे व मोठ्या पुरुषांचीं पत्रें बाजूस निघतात, आणि तळाशीं अरुंद, मळकट, घाईघाईच्या मोडींत लिहिलेल्या चिठ्ठ्या उरतात: अमुक बैल, अमुक ओझीं, अमुक रुपये पावले, बाकी पोंचल्यावर. त्यांवर शिक्का नसतो, मोर्तब नसते, बहुधा पुरें नांवही नसतें. अशा चिठ्ठ्या रद्दींत जातात. पण बैलवाल्यास लिहितां येत नव्हतें. त्यानें वही ठेविली नाहीं. त्याच्या बाजूचा कागद म्हणून जगांत जें कांहीं असेल तें हेंच. हुंडेकऱ्याची वही आपण जपतों, कारण ती जाड व बांधलेली असते. तिच्यांतील खर्चाच्या बाजूस खरेंखोटें ठरविणारी साक्ष मात्र या चिठ्ठीखेरीज दुसरी नाहीं. तेव्हां चिठ्ठ्या रद्दींत न टाकतां, ज्या वहीच्या रुमालांत सांपडल्या त्याच रुमालांत, मिती टिपून ठेवाव्या. आणि ‘हुंडा’ हा शब्द सांपडला कीं त्यास हुंडीचा अपभ्रंश समजून दुरुस्त करण्यापूर्वीं दोन ओळी पुढें वाचून बैलांचा उल्लेख आहे कीं काय, तें पाहावें.